एका वेळी एकच





एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर, जिल्हा वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर हल्ली एक जाहिरात हमखास दिसते. गुटगुटीत बाळ, हसणारी आई, कडेला उभा समाधानी बाप आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘यशाची खात्री’. कित्येकदा चित्रात बाळं एकाऐवजी दोन असतात. मूल न होण्यावर उपचार करणारी केंद्रं आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत, लहान शहरांतही पोहोचली आहेत. जाहिरातीतली ही दोन बाळं कुठून येतात, त्यांची किंमत कोण मोजतं आणि ती दोन असावीत हे कोण ठरवतं, याचा विचार या अंकात आपल्याला करायचा आहे.

विषय तांत्रिक आहे, तो डॉक्टरांवर सोडावा, असं काहीजणी म्हणतील. पण हे वाक्य आपल्या चळवळीने यापूर्वीही ऐकलेलं आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांबाबत प्रश्न विचारले, तेव्हा ते ऐकवलं गेलं. गर्भजलपरीक्षा करून मुलींचे गर्भ पाडले जात होते, तेव्हाही ऐकवलं गेलं. तरीही १९८६ साली बायकांच्या संघटना नेट-एनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८८ साली गर्भलिंगपरीक्षेवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राला करावा लागला. तंत्र ज्या शरीरावर वापरलं जातं, त्या शरीराच्या मालकिणीला त्यातलं कळलं पाहिजे, ही आपली तेव्हाची भूमिका आजही तितकीच खरी आहे.

आधी उपचार समजून घेऊ. एरवी बाईच्या बीजकोशात महिन्याला साधारण एक बीज पक्व होतं. आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याचा उपचार. त्यात दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं वाढवली जातात. मग भूल देऊन, योनिमार्गातून सुई घालून ती काढून घेतात. प्रयोगशाळेत पुरुषबीजाशी त्यांचं फलन होतं. तीन ते पाच दिवसांत भ्रूण तयार होतात आणि बारीक नळीने ते गर्भाशयात सोडले जातात. किती सोडायचे हा प्रश्न इथे उभा राहतो. चार चांगले भ्रूण तयार असले, तर एक सोडून बाकीचे गोठवून ठेवता येतात. पहिला रुजला नाही, तर पुढच्या एखाद्या पाळीच्या चक्रात दुसरा सोडता येतो. इंजेक्शनं आणि भूल पुन्हा सोसावी लागत नाही. किंवा दोन-तीन एकदमच सोडून ‘एक तरी रुजेल’ अशी आशा करता येते. ते सगळेच रुजले, तर जुळं नाहीतर तिळं.

हा आकडा वाढला कसा, ते पाहण्यासारखं आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅम इथे जन्मलेली लुईस ब्राउन ही जगातली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी. तिच्या आईला बीजं वाढवणारी इंजेक्शनं दिलेली नव्हती. एका पाळीतलं एक बीज, त्याचा एक भ्रूण, त्यातून ही मुलगी झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. त्यांनी भ्रूण त्रेपन्न दिवस गोठवून ठेवून मग आईच्या गर्भाशयात सोडला होता. एका वेळी एकच भ्रूण सोडण्याची पद्धत आज ज्या गोठवण्याच्या तंत्रावर उभी आहे, ते आपल्याच देशात इतक्या आधी वापरलं गेलं होतं. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मान्यता मिळाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षा जन्मली. के. ई. एम. हे महापालिकेचं रुग्णालय आहे, हे ध्यानात ठेवू या. आपल्याकडे या उपचाराची सुरुवात सार्वजनिक रुग्णालयात झाली. तो खाजगी बाजारात गेला नंतर.

१९८० च्या दशकात इंजेक्शनं देऊन भरपूर बीजं मिळवण्याची रीत जगभर रुळली. पण गोठवलेले भ्रूण तेव्हा अनेकदा जगत नसत आणि एक भ्रूण रुजण्याची शक्यताही कमी होती. म्हणून तीन, चार, कधी त्याहून जास्त भ्रूण एकदम सोडले जात. त्या काळात या वागण्याला वैद्यकीय कारण होतं. आज ते बरंचसं उरलेलं नाही. झटकन गोठवण्याच्या नव्या तंत्राने बहुतेक भ्रूण सुखरूप राहतात. पाच दिवस वाढवून त्यांतला चांगला निवडता येतो. कारण गेलं, सवय मात्र राहिली. तिला दुसरी कारणं येऊन चिकटली आणि त्यांतली बरीच पैशाची आहेत.

सवय किती टोकाला जाते, ते २००९ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दिसलं. एका बाईच्या गर्भाशयात बारा भ्रूण सोडले गेले आणि तिला आठ मुलं झाली. २०११ साली त्या डॉक्टरचा परवाना रद्द झाला. पण तोवर साऱ्या जगाने चेष्टा केली होती ती त्या बाईची. आपल्याकडे २०१९ साली गुंटूर इथे सत्तरी ओलांडलेल्या बाईला जुळ्या मुली झाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी विक्रमाची बातमी छापली. त्या वयाच्या शरीराने दोन गर्भ कसे पेलले असतील, हा प्रश्न विचारणारे थोडे होते.

जुळं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कौतुक उभं राहतं. ‘एकदमच दोन झाली, सुटलीस बाई!’ असं मायेने म्हटलं जातं. जुळी जन्मतात, वाढतात, आईबापांना आनंद देतात, यात शंका नाही. नैसर्गिकरीत्या होणाऱ्या जुळ्यांबद्दल आमचं काही म्हणणंही नाही. पण उपचार म्हणून जाणूनबुजून दोन गर्भ ठेवायचे असतील, तर त्यातले धोके आधी सांगायला हवेत. जुळ्यांतली निम्म्याहून अधिक बाळं सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मतात. तिळी साधारण बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास येतात. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं श्वासासाठी झगडतात, काचेच्या पेटीत राहतात. पहिल्या वर्षात दगावण्याचा धोका एकट्या बाळापेक्षा जुळ्यांत कितीतरी पट जास्त असतो. मेंदूला इजा होऊन हातपाय आखडण्याचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा धोकाही तसाच वाढतो. आईचा रक्तदाब वाढतो, झटके येऊ शकतात, गर्भारपणातला मधुमेह, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सिझेरियन, हे सगळंच जुळ्यांत अधिक.

हे धोके आपल्याकडच्या बाईच्या अंगाला लावून पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. महाराष्ट्रात हा आकडा ५४ आहे. अशी बाई दोन गर्भ पोसणार, दोघांना पाजणार आणि रक्तस्राव झाला तर तो सोसणार. मुदतीआधी बाळंतपण झालं, की नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाचं बिल दिवसागणिक वाढत जातं. खाजगी दवाखान्यातले पैसे संपले, की बाळं जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात येतात. उपचाराचा नफा एकाच्या खिशात आणि त्यातून आलेल्या दुखण्याचा भार बाईवर, तिच्या घरावर, सरकारी नर्सवर, अशी ही वाटणी आहे.

याहून अवघड गोष्ट फारशी बोलली जात नाही. तीन गर्भ रुजले, की अनेकदा ‘एक-दोन कमी करू’ असा सल्ला मिळतो. म्हणजे अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास एका गर्भाच्या हृदयात औषध टोचून ते थांबवायचं. त्यात उरलेले गर्भही जाण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षं मुलासाठी झुरलेल्या बाईला हा निर्णय घ्यावा लागतो. बाईचा गर्भपाताचा हक्क आपण मानतो आणि मानत राहू. पण टाळता येण्याजोगा प्रसंग तिच्यावर आणायचा आणि मग तिला निवड करायला सांगायची, हा हक्काचा सन्मान नव्हे. शिवाय ‘कमी करताना’ कोणता गर्भ ठेवला जातो, याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. ज्या राज्यात मुलींचे गर्भ पाडण्याविरुद्ध आपण इतकी वर्षं झगडलो, तिथे ही भीती काल्पनिक नाही.

मग एकच भ्रूण सोडला तर बाईच्या पदरी निराशाच येईल का? याचं उत्तर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या एका अभ्यासाने दिलं. ३६ वर्षांखालच्या ६६१ बायका त्यात होत्या. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या त्यांच्या दोन गटांत वाटण्या केल्या. एका गटाला दोन भ्रूण एकदम दिले. दुसऱ्या गटाला आधी एक दिला आणि मूल झालं नाही, तर गोठवलेला दुसरा नंतर दिला. दोन एकदम दिलेल्या गटात ४२.९ टक्के बायकांना मूल झालं, एकेक दिलेल्या गटात ३८.८ टक्के बायकांना. फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. पण बाळंत झालेल्यांत जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३३.१ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात ०.८ टक्के. आणि दुसऱ्या गटातल्या ज्यांचे भ्रूण शिल्लक होते, त्यांना पुढेही संधी होती. भ्रूण एक दिला तरी क्वचित तो आतच दुभंगून जुळं होतं. ते कुणाच्या हातात नाही.

गोठवलेल्या भ्रूणाच्या गर्भारपणात रक्तदाबाचा त्रास काहीसा जास्त आढळतो, हेही बाईला सांगितलं पाहिजे. वय चाळिशीकडे झुकलेलं असेल, आधीचे प्रयत्न फसलेले असतील, भ्रूण कमकुवत असतील, तर दोनाचा विचार करण्याला आधार असू शकतो. ‘एका वेळी एकच’ हा नियम असावा, त्याला अपवाद असावेत आणि प्रत्येक अपवादाचं कारण कागदावर लिहिलेलं असावं, एवढंच आमचं म्हणणं आहे. आज आपल्याकडे उलटं घडतं. दोन-तीन ही रीत आणि एक हा अपवाद.

इतर देशांनी काय केलं? स्वीडनने २००३ साली एक भ्रूण हाच सर्वसाधारण नियम केला. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात अशा उपचारातून होणाऱ्या बाळंतपणांत चारात एकाहून अधिक जुळ्या-तिळ्यांची होती. तिथल्या नियामक संस्थेने केंद्रांना कमाल मर्यादेचं उद्दिष्ट दिलं, दर केंद्राचे आकडे लोकांसमोर मांडले, आणि २०१९ पर्यंत हे प्रमाण सहा टक्क्यांवर आलं. मूल होण्याचं प्रमाण त्यामुळे घसरलं नाही.

पण आपल्याला सर्वांत जास्त शिकवणारं उदाहरण बेल्जियमचं आहे. १ जुलै २००३ पासून तिथे ४३ वर्षांखालच्या बाईला सहा वेळांपर्यंत प्रयोगशाळेचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्यातून मिळू लागला. त्या बदल्यात अट घातली, की ३६ वर्षांखालच्या बाईला पहिल्या खेपेला एकच भ्रूण द्यायचा. जुळ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर होणारा खर्च वाचला आणि त्या बचतीतून उपचाराचा भार उचलता येईल, हाच त्यामागचा हिशेब होता. सरकारने बाईला नुसतं ‘धीर धर’ म्हटलं नाही. धीर धरणं तिला परवडेल अशी सोय केली. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे.

कारण आपल्याकडे आकडा ठरवतो तो पैसा. एका फेरीला लाख-दोन लाख रुपये सहज जातात. विमा कंपन्यांच्या प्रमाणित अपवादांच्या यादीतच वंध्यत्वावरचे उपचार आहेत, म्हणजे पॉलिसी असली तरी बहुधा उपयोग नाही. मग शेत गहाण पडतं, दागिने मोडले जातात, बचत गटाचं कर्ज भलत्याच कारणाखाली काढलं जातं. गोठवण्याचे पैसे वेगळे, दरवर्षी ठेवण्याचे वेगळे, पुन्हा सोडण्याचे वेगळे. एका फेरीपुरतीच ऐपत असलेली बाई ‘डॉक्टर, दोन नाही, तीन टाका’ असं म्हणाली, तर तिला दोष कसा द्यायचा? पण हिला आपण तिची ‘निवड’ तरी कशी म्हणायची? हातात शेवटचा रुपया असलेल्या माणसाने सगळा एकाच डावावर लावावा, तशी ही गोष्ट आहे. फरक इतकाच, की पणाला लागलेलं असतं ते तिचं शरीर.

पैशाच्या जोडीला घर असतं. मूल नसलेल्या बाईला डोहाळजेवणाला बोलवत नाहीत, तिची ओटी भरताना हात आखडतो, बारशाच्या पाळण्यापाशी तिला पुढे होऊ देत नाहीत. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची भाषा कानावर येतच असते. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचाही दोष असतो. तरी इंजेक्शनं तिला, भूल तिला, सोनोग्राफीच्या फेऱ्या तिला. १९९२ साली ब्रसेल्समध्ये एकेक पुरुषबीज थेट स्त्रीबीजात टोचून मूल होण्याचं तंत्र यशस्वी झालं. त्यामुळे पुरुषाच्या दोषावरचा उपचारही बाईच्याच शरीरावर होऊ लागला. आणि आता घरात हिशेब मांडला जातो: एकदमच दोन झाली, तर पुन्हा खर्च नको. दोन असली, तर त्यात एक तरी मुलगा निघेल. तीन सोडा म्हणणारा आवाज बाईचा असतो, शब्द पुष्कळदा सासरचे असतात.

‘म्हणजे तुम्ही बाईच्या निर्णयाच्या हक्कावर बंधन घालायला निघालात,’ असा आक्षेप आपल्यातूनच येईल. तो गंभीरपणे घ्यायला हवा. आम्हाला वाटतं, हक्क तेव्हाच खरा असतो जेव्हा पर्याय खरे असतात. एकेक भ्रूण घेऊन तीनदा प्रयत्न करणं आणि तीन भ्रूण एकदम घेणं, या दोहोंचा खर्च सारखा असेल, दोहोंचे धोके मराठीत समजावून सांगितलेले असतील आणि तिला नवरा-सासूपासून वेगळं बसवून विचारलेलं असेल, तर किती बायका दुसरा पर्याय घेतील? तसं विचारूनच पाहावं. तोवर ‘पेशंटचीच इच्छा होती’ हे उत्तर आपण मान्य करू नये. हेही तितक्याच ठामपणे म्हणू, की नुसता एकाचा नियम आणून गरीब बाईला एकाच प्रयत्नावर परत पाठवणं हा दुसरा अन्याय होईल. नियम आणि खर्चाची सोय एकत्रच आली पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. २००५ सालच्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी एका वेळी तीनपर्यंत भ्रूण चालतील असं म्हटलं होतं, आणि त्यालाही अपवाद ठेवले होते. पुढे २०२१ साली सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा आणि सरोगसीचा असे दोन कायदे आले. सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की सरोगेट आईच्या गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण सोडायचा आणि विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत जायचं. दुसऱ्यासाठी गर्भ वाढवणाऱ्या बाईच्या जिवाला एक भ्रूण बरा, हे जर कायद्याला पटतं, तर स्वतःसाठी गर्भ वाढवणाऱ्या बाईचा जीव वेगळा आहे काय? तिच्याही बाबतीत हीच रीत पाळली गेली पाहिजे आणि ती पाळली जाते की नाही याची तपासणी व्हायला पाहिजे.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्याने केंद्रांवर एक कर्तव्य टाकलं आहे, ते प्रत्येक कार्यकर्तीला माहीत हवं. उपचाराआधी जोडप्याला आणि बाईला यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि धोके सांगायचे आहेत. त्या धोक्यांत एकाहून अधिक गर्भ राहण्याच्या धोक्याचा कायद्याने नावानिशी उल्लेख केला आहे. लेखी संमती सक्तीची आहे. तक्रार ऐकणारा कक्ष केंद्रात असायला हवा. पण इंग्रजीतल्या सात-आठ पानांवर, ऑपरेशनच्या सकाळी, बोट ठेवलेल्या जागी केलेली सही म्हणजे संमती नव्हे.

आपल्या केंद्रात येणारी एखादी बाई या उपचारासाठी निघाली असेल, तर तिने पुढचे प्रश्न विचारावेत. तिला एकटीला जमत नसेल, तर आपल्यापैकी कुणीतरी सोबत जावं.

१. माझ्या वयाला आणि माझ्या तपासण्यांनुसार एक भ्रूण दिला तर मूल होण्याची शक्यता किती, दोन दिले तर किती, आणि जुळं होण्याची शक्यता किती?

२. तुम्ही सांगता ते यश कशाचं? लघवीची तपासणी जुळल्याचं, गर्भ राहिल्याचं, की जिवंत बाळ घरी नेल्याचं?

३. उरलेले भ्रूण गोठवण्याची सोय इथे आहे का? त्याचा, दरवर्षी ठेवण्याचा आणि पुन्हा सोडण्याचा खर्च आजच लिहून द्याल का?

४. तिळं राहिलं तर पुढे काय करणार? मुदतीआधी बाळंतपण झालं तर बाळांना कुठे नेणार?

५. किती भ्रूण सोडणार हे संमतिपत्रावर आकड्यात लिहिलेलं आहे का? ते मराठीत आहे का? मला ते वाचायला घरी नेता येईल का?

प्रश्न साधे आहेत. चांगला डॉक्टर त्यांनी रागावणार नाही. एकेक भ्रूणाचाच आग्रह धरणारे, पैसे कमी मिळाले तरी बाईला समजावून सांगणारे डॉक्टरही आपल्याकडे आहेत. त्यांनी या मागणीत आपल्यासोबत यावं.

सरकारकडे आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक, सर्व केंद्रांना एका वेळी एकच भ्रूण हा सर्वसाधारण नियम बंधनकारक करावा आणि अपवादांची कारणं नोंदवून घ्यावीत. दोन, कायद्याने उभ्या केलेल्या राष्ट्रीय नोंदणी यंत्रणेकडे जाणारी माहिती लोकांना समजेल अशा रूपात प्रसिद्ध करावी: दर केंद्रात किती बायकांवर उपचार सुरू झाले, किती जिवंत बाळं झाली, त्यांत जुळी-तिळी किती, अपुऱ्या दिवसांची किती. गर्भ राहिल्याचे आकडे दाखवून यश मिरवता येऊ नये. तीन, ‘खात्री’ देणाऱ्या आणि जुळ्यांचं आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर कारवाई व्हावी. चार, उपचार सार्वजनिक रुग्णालयांत मिळावा. २०२३ साली गोव्याने वैद्यकीय महाविद्यालयात तो मोफत देण्याची सुरुवात केली. ज्या महाराष्ट्रात हर्षा महापालिकेच्या रुग्णालयात जन्मली, त्याने मागे का राहावं? पाच, विम्याच्या अपवादांतून हे उपचार काढावेत, निदान एकेक भ्रूण घेणाऱ्या बाईपुरते तरी.

आणि याच्या जोडीने जुनी मागणीही सोडायची नाही. आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या गर्भनलिका बंद होतात त्या जननेंद्रियांच्या क्षयाने, अस्वच्छ बाळंतपणाने, असुरक्षित गर्भपातानंतरच्या जंतुसंसर्गाने. वेळेवर निदान आणि साधी औषधं मिळाली असती, तर यांतल्या कितीतरीजणींना प्रयोगशाळेच्या दारात जावंच लागलं नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला नीट तपासणं, हाही वंध्यत्वावरचाच उपचार आहे आणि तो सर्वांत स्वस्त आहे.

मूल हवं असणं हा गुन्हा नाही, मूल नसणं हे न्यून नाही. या दोन्ही गोष्टी आपण एकाच दमात म्हणत आलो आहोत. जिला मूल नको, तिच्या बाजूने आपण उभ्या राहतो. जिला हवं आहे, तिच्याही बाजूने उभं राहायचं, तर तिला ते स्वतःचा जीव आणि बाळाचं आयुष्य धोक्यात न घालता मिळावं, याचा आग्रह धरायला हवा. ‘एका वेळी एकच’ ही मागणी ऐकायला लहान आहे. पण ती मान्य करायची, तर दवाखान्याला नफ्याचा हिशेब बदलावा लागेल, सरकारला तिजोरी उघडावी लागेल आणि घराला बाईकडे धीराने पाहावं लागेल.

आपल्या गावातल्या, वस्तीतल्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. वरचे पाच प्रश्न फळ्यावर लिहा. उपचार घेतलेल्या बायका बोलायला तयार असतील, तर त्यांचं म्हणणं नाव न लिहिता टिपून ठेवा आणि आम्हाला कळवा. तुमची मतं वेगळी असली, तर तीही लिहा. पुढच्या अंकात त्यांना जागा देऊ.

– संपादक मंडळ